पेनड्राइव्हमधला कम्पायलर

कॉलेजात निळ्या स्क्रीनवर टर्बो सी प्लस प्लस वापरलंय? बोर्लंडने ते १९९० मध्ये आणलं. या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८ मध्ये. म्हणजे आपण मानकाच्या आधीची भाषा शिकलो! ६४-बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही, डॉसबॉक्स लागतो. मग इतकी वर्षं टिकलं कसं?

मूळ १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये आहे. एडिटर आणि कम्पायलर एकत्र, किंमत ४९.९५ डॉलर. तीच सोय पुढे टर्बो सीमध्ये आली. फोल्डर कॉपी केला की काम सुरू.

आज पायथनची लायब्ररी पिप नेटवरून आणतं. सूर्यमाळसारख्या डोंगरावरच्या गावात वर्ग घ्यायचा आणि ऐन वेळी रेंज गेली, तर तास तिथेच संपतो. म्हणून जुनंच शिकवायचं का? नाही. पायथनचा इन्स्टॉलर आणि लायब्ररीच्या 'व्हील' फायली आधीच पेनड्राइव्हवर घ्या. पिप त्या फोल्डरमधूनही इन्स्टॉल करतं. फक्त पायथनची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट, हे जुळलं पाहिजे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठी धडेही डाउनलोड करून नेता येतात.

एवढी तयारी केलीत, तर मोखाड्यातली मुलं आजचीच भाषा शिकतील, १९९० ची नाही.