कुर्तुब्याचे दस्तरखान

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला कुर्तुबा म्हटले की आधी मशीद आठवते. १९३३ साली इक्बाल तिथे गेले, 'मस्जिदे कुर्तुबा' ही नज्म झाली आणि आमच्या मनात त्या शहराचे एकच चित्र बसले : खांब, कमानी आणि अजानेविना राहिलेली मशीद. गेल्या वर्षी वर्गात ही नज्म समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ते लोक खायचे काय?" वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या शहराच्या कमानी आम्हाला तोंडपाठ, चुलीची मात्र खबर नाही!

शोधायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हाती लागले ते एक आजचे रेस्टॉरंट. कुर्तुबा म्हणजे स्पेनमधले कोर्दोबा. तिथल्या कान्येरो या साध्या वस्तीत पाको मोरालेस या कोर्दोबाच्याच बल्लवाचार्याने २०१६ साली ते काढले आणि नाव ठेवले अरबी : नूर. इथे पाहुण्याने पदार्थ निवडायचे नसतात. स्वयंपाकघर ठरवील त्या क्रमाने लहान लहान ताटल्या एकामागून एक समोर येतात, एकेकीत दोन-चार घास. हंगाम बदलला की सगळा बेत बदलतो. शिवाय या बेतांना इतिहासाचा धागा आहे. सुरुवात दहाव्या शतकापासून, म्हणजे कुर्तुब्याच्या खिलाफतीच्या काळापासून झाली आणि मग एकेक शतक ओलांडत बेत पुढे सरकला. नियम कडक होता. त्या काळी जो जिन्नस अंदलुसमध्ये नव्हता, तो चुलीजवळ आणायचा नाही. म्हणून टोमॅटो नाही, बटाटा नाही, मिरची नाही, कोको नाही. हे सारे १४९२ नंतर अमेरिकेतून आले. चॉकलेटच्या जागी खरनूबच्या शेंगांची काळसर गोडी वापरली जाई. (मिरचीशिवाय सालन ही कल्पनाच आमच्या घरात कुणाला पटली नाही.) नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशलिन गाइडने 'नूर'ला तीन तारे दिले. त्याहून वरचा मान या गाइडमध्ये नाही.

मी तिथे जेवलेलो नाही. एका जेवणाला शंभराहून अधिक युरो पडतात, शिक्षकाच्या पगारात ते बसणारे नाही. मला प्रश्न पडला तो त्या ताटल्यांच्या क्रमाचा. ही रीत आली कुठून?

याचे श्रेय सहसा जिर्याबला दिले जाते. अबुल हसन अली इब्न नाफे हे त्याचे नाव. बगदादचा हा गवय्या कैरवानमार्गे ८२२ साली कुर्तुब्यात पोहोचला. दुसऱ्या अब्दुर्रहमानने त्याला दरबारात मानाची जागा दिली. ऋतूप्रमाणे पोशाख बदलावा, सोन्याचांदीच्या पेल्यांऐवजी काचेचे पेले वापरावेत, शतावरीची भाजी खावी, आधी सूप, मग गोश्त आणि शेवटी गोड यावे, असे कितीतरी बदल त्याच्या नावावर सांगितले जातात. आमच्याकडे अशी यादी वाचली की छाती लगेच फुगते. जरा थांबले पाहिजे. जिर्याबची ही थोरवी आपल्यापर्यंत मुख्यतः अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या लेखकामार्फत आली, म्हणजे आठशे वर्षांनंतर. ड्वाइट रेनॉल्ड्स या अभ्यासकाने २००८ साली दाखवून दिले की अल-मक्करीने जुन्या मजकुरातला जिर्याबला कमीपणा आणणारा भाग गाळला आणि दंतकथा उजळ केली. एकट्या माणसाने शहराचे जेवण बदलले, यावर माझाही विश्वास बसत नाही.

त्यापेक्षा भक्कम पुरावा एका निनावी पुस्तकात आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या या अंदलुसी पाकपुस्तकात लेखक सरळ सांगतो की सगळे पदार्थ एकदम मांडून ढीग घालण्यापेक्षा ते एकामागून एक पाहुण्यापुढे ठेवणे अधिक सुरेख, अधिक सभ्य. पुढे तो क्रमही देतो. आधी तफायासारखे सौम्य पदार्थ, मग मुर्री या आंबवलेल्या रसातले, त्यानंतर सिरक्याचे, मग मधातले. युरोपातल्या बड्या घरी सारे पदार्थ एकदम मेजावर मांडण्याची फ्रेंच रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती, हे इथे लक्षात ठेवावे. आपल्याकडे दाऊदी बोहरा बांधवांच्या थाळाभोवती बसलेल्याला हा प्रकार नवा वाटणार नाही. आधी मिठाची चिमूट, मग मिठास, मग खारास, एक संपले की दुसरे. आमच्या वलीम्यात मात्र सगळे एकदम येते आणि पाहुणा गांगरतो.

हंगामाचीही तीच गोष्ट. ९६१ च्या सुमारास दुसऱ्या हकमसाठी कुर्तुब्यात एक पंचांग तयार झाले. अरीब इब्न साद हा मुसलमान आणि रेसेमुंदो हा ख्रिस्ती बिशप, दोघांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. कोणत्या महिन्यात काय पेरावे, काय पिकते, कोणती सरबते करावीत, हे त्यात महिनावार आहे. हे सारे फक्त महालापुरते नव्हते. बाजारात तळणाऱ्यांची, हरीसा शिजवणाऱ्यांची दुकाने असत आणि मुहतसिब त्यांच्यावर नजर ठेवी. पनीर घालून तळलेली 'मुजब्बना' लोक रस्त्यावर खात. स्पॅनिशमध्ये ती आजही 'अल्मोहाबाना' आहे. साखर, तांदूळ, तेल, वांगे, नारिंग : स्पॅनिश माणूस आजही या जिनसांची नावे अरबीतून आलेल्या शब्दांनी घेतो.

शब्द राहिले, माणसे राहिली नाहीत. २ जानेवारी १४९२ रोजी गरनाता पडले. पुढे बळजबरीने बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हणू लागले. ते मनातून खरेच ख्रिस्ती झाले की नाही, हे ओळखायचे कसे? इन्क्विझिशनने त्यांच्या ताटात डोकावले. डुकराच्या चरबीऐवजी तेलात रांधणे, जमिनीवर बसून जेवणे, कुसकुस खाणे, हे सारे पुरावे ठरले. १५३८ साली टोलेडोत एका मोरिस्कोवर आरोप ठेवला गेला : रात्री वाद्ये वाजवली, झांब्रा नाचला आणि कुसकुस खाल्ला. विचार करा, जेवण हाच गुन्हा! शेजारीण चुलीचा वास घेऊन चुगली करू शकेल, अशा घरात बाई तेल तापवताना काय करत असेल? खिडकी लावून घेत असेल, की मुद्दाम उघडी टाकत असेल? १५६७ मध्ये अरबी भाषा, पोशाख आणि हमाम यांवर बंदी आली. १६०९ ते १६१४ दरम्यान सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आले.

'नूर'चा बेत सरकत सरकत सोळाव्या शतकापर्यंत आला, तेव्हा अमेरिकेचे जिन्नस प्रथमच त्या स्वयंपाकघरात शिरले, कोकोसुद्धा. पाककलेच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण कुसकुसबद्दल जाब द्यावा लागला तेही हेच शतक. दोन्ही गोष्टी एका शहरात मावतात, आणि मला त्या मोरालेसचा राग येत नाही. आपल्या गावाचे विसरलेले जेवण त्याने कष्टाने शोधले. आम्ही तेवढेही केलेले नाही.

आठवण राहते ती इब्न रझीनची. मुर्सियाचा हा विद्वान. १२४३ मध्ये त्याचे शहर कॅस्टाइलच्या अंमलाखाली गेले. तरुणपणीच त्याने देश सोडला. परक्या मुलुखात बसून त्याने अंदलुस आणि मगरिबच्या पदार्थांचे पुस्तक लिहिले आणि १२९३ साली तो ट्युनिसमध्ये वारला. त्याच्या पुस्तकाच्या माहीत असलेल्या प्रती अपुऱ्या होत्या. ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखिताने उणीव भरून निघाली आणि २०२१ मध्ये नवाल नसरल्लाह यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद आला. त्यात ४७५ पदार्थ आहेत.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले, अर्थात थोडक्यात. त्याने नीट ऐकून घेतले.

"मग सर, आता तिथे ते जेवण मिळते?"

"मिळते."

"केवढ्याला?"

मी सांगितले. वहीच्या मागच्या पानावर तो रुपयांत हिशेब करू लागला.