मुलखाची हजेरी

खानेसुमारी म्हणजे सरकारदरबारची कारकुनी, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. हजेरीबुकात नाव नाही म्हणून घाम गाळूनही मजुरी बुडालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. मुलखाच्या हजेरीचेही तसेच आहे.

१८९१ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात सुमारे सात लाख माणसे होती. १९०१ साली सुमारे सहा लाख राहिली. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले होते. कोणी मेले, कोणी परागंदा झाले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. साक्षीला उरला तो आकडा. परंतु नुसता आकडा 'किती' एवढेच सांगतो. 'कोठे' आणि 'का' हे पुसण्यासाठी वेगळे शास्त्र लागते.

ते शास्त्र म्हणजे लोकसंख्या-भूगोल. १९५३ साली ग्लेन ट्रेवार्था या अमेरिकन पंडितांनी भूगोलज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून त्याची बाजू मांडली. त्यांचे शिष्य गुरुदेवसिंग गोसल यांनी चंदीगडला पंजाब विद्यापीठात तो विषय रुजविला. पुढे भारतीय लोकसंख्या-भूगोलज्ञांची संघटना तेथेच उभी राहिली आणि १९७९ पासून तिचे नियतकालिक निघू लागले.

चंदीगडच्या या विद्येचा आमच्या जंगलमुलखाला उपयोग काय? हिशेब करून पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. २०११ च्या गणनेप्रमाणे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ३२ लाख ७७ हजार माणसे. चौरस किलोमीटरमागे सरासरी १२७. ही सरासरी दोघांनाही लागू नाही. कोळसा, वीज, कागद यांच्या मागे माणूस जातो, म्हणून चंद्रपुरात १९३. रानाच्या गडचिरोलीत अवघी ७४. सरासरीवर दवाखाने वाटले, तर एटापल्ली-भामरागडच्या आजाऱ्याने कित्येक कोस चालायचे काय?

मोजणी प्राण कसे वाचविते, याचा दाखलाही गडचिरोलीतच आहे. डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे जन्म आणि मृत्यू नोंदविले. १९८८ साली हजार अर्भकांमागे १२१ दगावत होती. मग ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरीच शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले. मृत्यू घटले, आणि ती हकीकत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखविले की, राज्यात प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी दप्तरातल्या आकड्याहून किती तरी अधिक आहेत. जे मूल दप्तरात मेलेच नाही, त्याच्या भावंडासाठी औषध कोण पाठविणार?

२०२१ ची खानेसुमारी ठरल्या वर्षी झाली नाही. कोरोनाची साथ आली, तिच्यात माणसे गेली, कामे तुटली; तरी योजनांची आखणी पुष्कळ काळ २०११ च्या आकड्यांवरच चालली. म्हणून आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. तेंदूपत्त्याच्या फडीवर गेलेला, वीटभट्टीवर मुक्कामाला असलेला मजूरही गणतीत यावा. आणि गावाचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. हजेरी मोठ्याने वाचली जाते तेव्हाच गाळलेले नाव ध्यानात येते.