यारी : गोदीपासून खाडीपुलापर्यंत

देवळाच्या शिखरावर कळस चढविताना पूर्वी बांबूची परांची, कप्पी व दोर एवढेच साहित्य असे. दोर धरणाऱ्यांचे हात हाच भरवसा. ओझे उचलणाऱ्या यंत्रास मराठीत यारी म्हणतात. आज सर्वांच्या तोंडी क्रेन हा शब्द आहे.

इ. स. १८४६ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे विल्यम आर्मस्ट्राँग यांनी पाण्याच्या दाबावर चालणारी यारी बसविली. मुंबईत प्रिन्सेस गोदी १८८० साली व व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली खुली झाली. मानखुर्दच्या खाडीवर १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९९२ साली रेल्वे वाशीस पोहोचली. अशी कामे अवजड यंत्रांवाचून होत नाहीत.

यंत्र वाढले तसा धोकाही वाढला. गोदी कामगारांसाठी १९३४ साली कायदा झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ अन्वये यारीची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी करणे व सुरक्षित भार यंत्रावर लिहिणे सक्तीचे झाले. इमारत बांधणाऱ्या मजुरास मात्र स्वतंत्र कायद्यासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले.

तरीही १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. कायदा कागदावर असतो. दोर, आकडा व टेकू रोज डोळ्यांनीच तपासावे लागतात. लटकत्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये, हा कप्पीच्या काळचा नियम आजही तोच आहे. कळसास हात जोडताना तो चढविणाऱ्या हातांचेही स्मरण व्हावे.