देस्काहे
*देस्काहे : कॅनडातील ग्रँड रिव्हरकाठच्या ‘सहा राष्ट्रां’चे, म्हणजे सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघाचे, कायुगा प्रमुख. इंग्रजी नाव लेव्हाय जनरल. ‘देस्काहे’ ही खरे तर पदवी. १९२३ साली ते स्वतःच्याच राष्ट्राचा पासपोर्ट खिशात घालून राष्ट्रसंघाकडे दाद मागायला जिनिव्हाला गेले. म्हणणे सरळ होते : आमचे करार ब्रिटिश राजसत्तेशी झाले, आम्ही कॅनडाची प्रजा नव्हे. आयर्लंड, इराण, पनामा, एस्टोनिया यांनी बाजू उचलून धरली. ब्रिटनने मात्र विषय पटलावर येऊच दिला नाही.

१९२४ मध्ये कॅनडाने सहा राष्ट्रांची पारंपरिक परिषदच मोडीत काढली. १९२५ मध्ये देस्काहे न्यूयॉर्क राज्यात, म्हणजे परमुलखातच वारले.

देस्काहे ज्यासाठी झगडले त्या आदिवासी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला तो थेट २००७ मध्ये, १४४ विरुद्ध ४ मतांनी. त्या चौघांत कॅनडा होताच.