पाचवं चाक

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीवर माझा हात बसला. तिचं फार कौतुक नको. पत्रा गंजायचा, स्टिअरिंग फिरवताना दंड भरून यायचे. पण पुढच्या दाराची तिकोनी काच जरा वळवली की वारा थेट तोंडावर. आणि डिकीत पाचवं चाक, बाकीच्या चारांच्याच मापाचं.

काटकसरीला माझा विरोध नाही. २००८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो आली, तेव्हा चाकाला तीनच नट, वायपर एकच, डिकी बाहेरून उघडतच नव्हती. ती सोय २०१५ साली आली. पण लाखाची गाडी म्हणून सांगितली होती, वाचलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात राहणार होता. चोरी नव्हती ती.

डोकं फिरतं ते पंधरा लाखांच्या गाडीपाशी. खाली चार देखणी अलॉय चाकं, आणि डिकीतल्या गालिच्याखाली बारकं लोखंडी चाक, वर ताकीद: ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. पुढे तेही गेलं. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. जागा वाचते, विजेच्या गाडीत बॅटरीला उपयोगी पडते, हे खरंच. खिळ्याच्या भोकाला बाटलीतलं औषध पुरतंही. पण खड्ड्याच्या काठाने टायरची बाजूच फाटली तर? मग वरंध घाटात रात्री फोनला रेंज शोधत बसा.