फासळ्यांवरची गाणी

नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी जाऊन भरलेली कॅसेट आणायची. यादी संपून शेवटी दोन-तीन मिनिटांची जागा उरलीच, तर दुकानदार काका तिथे स्वतःच्या आवडीचं एखादं गाणं टाकायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. "ऐकून बघ, नाही आवडलं तर येऊन भांड," एवढंच म्हणायचे.

माझ्या एका कॅसेटच्या शेवटी त्यांनी 'अलबेला'मधलं गाणं टाकलं होतं. १९५१ सालचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र. मी पंधरा वर्षांचा होतो. ते गाणं मी रिवाइंड करकरून ऐकलं. सी. रामचंद्रांच्या सोबत तेव्हा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट काम करायचा, हे फार उशिरा कळलं. त्याचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ आणि दैवत लुई आर्मस्ट्राँग. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. जॅझ माझ्यापर्यंत आला तो असा, कॅसेटच्या उरलेल्या जागेतून.

पुढे रशियातल्या जॅझवेड्यांचा इतिहास वाचला, तेव्हा हे काका हटकून आठवले. आज तीच गोष्ट सांगतो.

सोव्हिएत रशियात जॅझ कधी चालायचा, कधी नाही. वरच्यांची मर्जी फिरली की तोही फिरायचा. मॉस्कोत जॅझची पहिली मैफल झाली १९२२ साली. मग १९२८ मध्ये मॅक्सिम गॉर्कीसारख्या बड्या लेखकाने 'प्रावदा'त लेख लिहून हे लठ्ठ, सुखवस्तू लोकांचं संगीत ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका दोस्त राष्ट्र झाली, तेव्हा तेच संगीत चाललं. युद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं आणि जॅझ पुन्हा शत्रूचा हेर झाला. आज जॅझ वाजवणारा उद्या देश विकेल, अशा अर्थाची म्हणच तिथे रूढ झाली होती.

एडी रोझनरचंच उदाहरण घ्या. बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू ट्रम्पेटवादक. नाझींपासून जीव वाचवत सोव्हिएत हद्दीत आला आणि बेलारूसच्या सरकारी जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. १९४६ मध्ये त्यालाच पकडून सैबेरियाच्या टोकाला, कोलिमाच्या छळछावणीत पाठवलं. तिथेही त्याने कैद्यांचा बँड उभा केला! सुटला तो १९५४ साली, स्टालिनच्या मृत्यूनंतर.

वाजवणाऱ्यांची ही गत. मग ऐकणाऱ्यांनी काय केलं?

लेनिनग्राडच्या काही पोरांनी जुन्या यंत्रावरून रेकॉर्ड कोरण्याचं मशीन तयार केलं. मशीन झालं, पण कोरायचं कशावर? रेकॉर्डसाठी लागणारा माल बाजारात मिळेना. तेव्हा त्यांना सापडल्या दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म. कात्रीने गोल कापायच्या, मधोमध पेटत्या सिगारेटने भोक पाडायचं आणि मूळ रेकॉर्डवरून त्यावर गाणं कोरायचं. एकाच बाजूला, जेमतेम तीन मिनिटं. आवाज खरखरीत, आणि काही वेळा वाजवली की रेकॉर्ड झिजलीच. पण उजेडासमोर धरली तर त्यात कुणाच्या तरी फासळ्या दिसायच्या, कुणाची कवटी दिसायची. म्हणून लोक या रेकॉर्डना 'फासळ्या' म्हणायचे, 'हाडांवरचं संगीत' म्हणायचे.

त्यावर फक्त जॅझ नव्हता बरं का. देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणीही होती, त्यांनाही बंदीच होती. कोटाच्या बाहीत लपवून या फिल्म हातोहात विकल्या जायच्या. फसवणूकही व्हायची. सुरुवातीला थोडं संगीत आणि मग एकदम रशियनमध्ये शिव्या घालणारा आवाज, अशाही रेकॉर्ड लोकांच्या गळ्यात पडल्याचं सांगतात. आणि तक्रार करायची कुठे? पोलिसात?

या धंद्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे रुस्लान बोगोस्लोव्स्की. १९५० मध्ये तो पकडला गेला, तुरुंगात गेला. स्टालिन वारल्यावर बाहेर आला आणि पुन्हा तेच सुरू केलं. असा एकूण तीन वेळा आत जाऊन आला. एका गाण्यासाठी! आपण आज मोबाईलवर बोट फिरवतो आणि दहा सेकंदांत कंटाळून पुढे जातो.

१९५५ च्या जानेवारीपासून या मंडळींना आणखी एक आधार मिळाला. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक रात्री जॅझ लावायचा. परदेशी श्रोत्याला कळावं म्हणून सोपं इंग्रजी, एकेक शब्द सुटा करून, भारदस्त आवाजात बोलायचा. राजकारणाचा एक शब्द नाही. ही रेकॉर्ड कधीची, ट्रम्पेटवर कोण, ड्रमवर कोण, एवढंच. ऐकणारे वहीत नावं उतरवून घ्यायचे, टेपरेकॉर्डर आल्यावर कार्यक्रम टेप करायचे, ती टेप मित्राकडे जायची, तिथून त्याच्या मित्राकडे. कोण श्रेष्ठ यावर रात्र-रात्र वाद. कित्येक जण इंग्रजी शिकले ते त्याचं ऐकून. गंमत अशी, की हे रेडिओ केंद्र देशांतर्गत प्रसारणासाठी नव्हतं. त्यामुळे लाखो परदेशी श्रोत्यांचा हा लाडका माणूस स्वतःच्या अमेरिकेत जवळपास अनोळखीच राहिला.

आता, अमेरिका हे काही निव्वळ कलाप्रेमापोटी करत नव्हती. जॅझ हे तिचं प्रचाराचं हत्यार होतं. पण हत्यार उलटतंही. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना आत जाऊ देईनात, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरवर जाहीरपणे बरसला आणि सरकारतर्फे रशियाला जायचा बेत त्याने मोडला. माझ्या माणसांना घरात ही वागणूक, मग बाहेर जाऊन तुमची बाजू कशाला मांडू, असा त्याचा सवाल होता.

आणि आपण? आपल्याकडे तुरुंग नव्हता, हे कबूल. पण १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताचे जाणकार, हेतूही चांगला. लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली.

मी वीस-बावीस वर्षं पत्रकारिता करतोय. अमक्या गाण्यावर बंदी घाला, तमका कार्यक्रम होऊ देऊ नका, अशी निवेदनं तहसीलदारांना देतानाचे फोटो मी स्वतः छापलेत. प्रत्येक निवेदनात 'आपली संस्कृती' हा शब्द असतोच. छापताना मी कधी विचारलं नाही की बाबांनो, हे गाणं तुम्ही पूर्ण ऐकलंय का? विचारायला हवं होतं. ती चूक माझी.

गाणं टिकतं ते सरकारी यादीमुळे नाही. कुणीतरी कुणाच्या तरी हातात देतं आणि म्हणतं, ऐकून बघ. यात विश्वास लागतो. लेनिनग्राडमध्ये तर चुकीच्या माणसाला रेकॉर्ड दिली की तुरुंगच.

काकांचं दुकान आता नाही. तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. ती कॅसेट मात्र माझ्याकडे आहे, फीत दोनदा तुटली, दोनदा चिकटवली. शेवटचं गाणं अजून वाजतं.

तुम्हाला असं न मागता कुणी दिलेलं गाणं कोणतं? आणि देणारा कोण होता? जरूर लिहा.