ब्लूजचा ठावठिकाणा

परक्या शहरीं गेल्यावर तेथील संग्रहालयें व प्रार्थनामंदिरें पाहण्याची सोय सहज होते; त्या शहराचें गाणें ऐकावयाचें म्हटलें म्हणजे मात्र वाट विचारावी लागते. कांहीं वर्षांपूर्वी आम्ही शिकागोस गेलों असतां ब्लूज हें कृष्णवर्णीय अमेरिकनांचें संगीत समक्ष ऐकावें, अशी आमची इच्छा होती. हॉटेलांतील गृहस्थानें तत्परतेनें तीन पत्ते लिहून दिले. नकाशावर ते शोधतां आमच्यांतील इतिहासाच्या शिक्षकास एक गोष्ट खटकली. तिन्ही पत्ते शहराच्या उत्तरेस अथवा मध्यवर्ती पेठेंत होते. ज्या दक्षिण भागांत हें संगीत वाढलें, तेथील एकही नव्हता. असें कां व्हावें?

ब्लूजचें माहेर मिसिसिपीकडील कापसाचीं शेतें. रचना साधी : बहुधा बारा तालखंडांचें आवर्तन, एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसरीनें तिला उत्तर द्यावयाचें. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली, तरी दारिद्र्य व जुलूम संपले नाहींत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्तरेकडील कारखान्यांस मजूर हवे झाले व इलिनॉय सेंट्रल रेल्वेनें माणसांचा लोंढा शिकागोस येऊं लागला. १९१० सालीं त्या शहरांत सुमारें ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९७० सालीं ते सुमारें ११ लाख झाले. कत्तलखान्यांत व पोलादाच्या कारखान्यांत त्यांस काम मिळे, परंतु वाटेल तेथें घर मिळत नसे. त्यांस घर विकूं अथवा भाड्यानें देऊं नये असे करार गोरे घरमालक आपसांत करीत, आणि १९४८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत न्यायालयें ते अमलांत आणीत. म्हणून दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यांत माणसें दाटलीं, आणि गाण्याचे अड्डेही तेथेंच दाटले.

१९४३ सालीं मिसिसिपीहून आलेल्या मडी वॉटर्सची साधी गिटार मद्यगृहांतील गलक्यांत ऐकूं येईना. तेव्हां त्यानें विजेची गिटार हातीं घेतली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारांत तर वादक शेजारच्या घरमालकास चार पैसे देऊन त्याच्या खिडकींतून विजेची तार घेत. इंडियाना ॲव्हेन्यूवरील एका तळघरांत थेरेसा नीडम या बाईंचा अड्डा १९४९ पासून १९८३ पर्यंत चालला. १९७२ सालीं गिटारवादक बडी गाय यानें ४३ व्या रस्त्यावर चेकरबोर्ड लाउंज उघडण्यांत पुढाकार घेतला. १९८१ सालीं तेथें रोलिंग स्टोन्स ही विख्यात इंग्रज मंडळी मडी वॉटर्ससमवेत गावयास आली. शिष्यांनीं गुरूच्या गल्लींत येऊन केलेली ती वंदनाच होती.

पण गल्लीचें दैव फिरलें होतें. कत्तलखाने १९७१ सालीं बंद पडले; पोलादाचे कारखाने एकामागून एक निजले. हातांत मजुरीच नाहीं, तेथें शनिवारचें गाणें कसें चालावें? तरुणांस नव्या चाली रुचूं लागल्या, आणि गोरा श्रोता ब्लूजसाठीं पैसे देण्यास सिद्ध झाला. उत्तरेस किंग्स्टन माइन्स १९६८ सालींच निघालें होतें. वायव्येस रोझाज लाउंज १९८४ सालीं निघालें, तें मिलानहून आलेल्या एका इटालियन तरुणानें काढलें. खुद्द बडी गायनें १९८९ सालीं आपलें नवें गृह मध्यवर्ती पेठेच्या कडेस थाटलें. मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजारही विद्यापीठाच्या विस्तारासाठीं १९९४ सालीं हलविण्यांत आला. हॉटेलांतील गृहस्थाची चूक नव्हती. त्यानें इतिहासाचा निकाल तेवढा कागदावर लिहिला होता.

रात्रीं आम्ही त्यांपैकीं एका पत्त्यावर गेलों. वृद्ध गायकाचा आवाज फाटका, पण सुराची पकड विलक्षण. त्यानें मध्येंच विचारलें, 'येथें शिकागोचे कोण आहेत?' पांचसहा हात वर झाले. तो हसला व पुन्हा गाऊं लागला. आम्हांस मात्र मान वर करवेना. आमच्या तिकिटानें त्याचा चरितार्थ चालतो, हें खरें; परंतु ज्यांचें सुखदुःख तो गातो, त्यांस त्या दारावरील दर परवडता काय, हा प्रश्न त्याच तिकिटाच्या पाठीवर लिहिलेला होता. आश्रयदाता मिळाल्यानें कला जगते. शेजार तुटल्यानें ती पोरकी होते. आणि दोन्ही गोष्टी एकाच रात्रीं घडूं शकतात.

म्हणून शिकागोस जाणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें : गाणें अवश्य ऐका, गायकापुढील पेल्यांत सढळ हातानें पैसे टाका, मात्र त्याच दिवशीं दुपारीं दक्षिणेस ४३ व्या रस्त्यावरून पायीं एक फेरी मारा. रात्रीं ऐकलेल्या तिसऱ्या ओळीचा अर्थ तेथें अधिक लागतो.